धाकटीच्या बाटलीतले पाच किडे

"मॅडम, हे पाच जण राहतात धाकटीकडे आणि जेवतात मधलीकडे!" असं म्हणून तन्वीरने संगणकाचा पडदा विनयाच्या बाजूला वळवला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

विनया भाटकरला हसू आलं नाही. खाई त्याला खवखवे, म्हणतात. पडद्यावरचे आकडे वाचायचीही तिला गरज नव्हती. नऊ वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती. ते येईल तेव्हा कोणीतरी रागाने, बोट रोखून म्हणेल असं तिला वाटायचं. ते असं चहाच्या वेळी, खारी खाता खाता येईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"म्हणजे काय?" तिने विचारलं, काहीतरी विचारायला हवं म्हणून.

"परवान्याच्या नूतनीकरणासाठी परिषदेला अहवाल द्यायचाय ना, म्हणून मी आपल्या जुन्या बाटल्या काढल्या. सहज किड्यांच्या पोटातलं तपासलं. किडा ज्या शिंपल्यात राहतो त्याचेच लचके तोडतो, तेव्हा पोटात त्याच शिंपल्याचे जंतू सापडायला हवेत. बाकी सगळ्यांचं जुळतंय. फक्त या 'धाकटी, रत्नागिरी' लिहिलेल्या बाटलीतल्या पाचांच्या पोटात मधलीचे जंतू आहेत. धाकटीचा कणसुद्धा नाही. मशीनचीच चूक असणार. बाटली तर तुम्ही स्वतः भरलीय, चिठ्ठीवर तुमचं अक्षर आहे."

तन्वीर होडेकर राजिवड्याचा, एकोणतीस वर्षांचा. सागर केंद्रात येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. विनयाच्या हाताखाली काम करायला मिळावं म्हणून त्याने बंगळुरूची चांगली नोकरी सोडली होती, आणि हे तो येईल-जाईल त्याला सांगायचा.

"पुन्हा चालव," ती म्हणाली.

"चालवतो. आणि तरी हेच आलं तर? पाचच आहेत, वगळले तरी चालतील. तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं! एवढी मोकळीक शत्रूनेही कोणाला देऊ नये. विनयाने कप उचलला, तो रिकामा होता, आणि तरी ती त्यातून प्यायली.

हे थोरली, मधली, धाकटी प्रकरण काय आहे ते आधी सांगायला हवं. हिंदी महासागराच्या पोटात, अडीच किलोमीटर खोल, तीन टेकड्या आहेत, एकमेकींपासून दीड-दोनशे किलोमीटर लांब. कागदोपत्री त्यांना लांबलचक क्रमांक आहेत, पण पहिल्या मोहिमेतल्या खलाशांनी उंची बघून त्यांना तीन बहिणींची नावं देऊन टाकली आणि तीच चिकटली. या टेकड्यांच्या भेगांतून कढत, गंधकाच्या वासाचं पाणी वर येत असतं. उजेड नाही, शेवाळ नाही, तरीही तिथे वीतभर लांबीचे काळे शिंपले दाटीवाटीने राहतात. आपल्या खडपात मिळणाऱ्या शिनाण्यांचे ते लांबचे भाऊबंद. त्यांच्या कल्ल्यांत जंतू असतात, प्रत्येक टेकडीवर वेगळे; ते त्या विषारी पाण्यावरच अन्न तयार करतात आणि शिंपल्याला पोसतात.

आणि अशा शिंपल्यात एक बिनबोलावलेला पाहुणा असतो. बोटाच्या पेराएवढा, लालसर किडा, पाठीवर खवल्यांच्या दोन रांगा. शिंपल्याच्या घरात राहायचं, त्याच्या तोंडचं खायचं, आणि वर त्याच्याच कल्ल्यांचे लचके तोडायचे, असा त्याचा सुखाचा संसार. समुद्रातल्या इतर किड्यांची पिल्लं आठवडेच्या आठवडे पाण्यावर तरंगत कुठल्या कुठे जातात. या किड्याचं तसं नाही. त्याची मादी मोजकीच, चांगली गलेलठ्ठ अंडी घालते. त्यातून तयार किडाच बाहेर पडतो, आणि फार तर सरपटत शेजारच्या शिंपल्यात जातो. दीडशे किलोमीटरचा काळोख ओलांडून दुसऱ्या टेकडीवर जाणारा वीर त्यांच्यात निपजत नाही. त्यामुळे लाखो वर्षं तिन्ही टेकड्यांवरची कुळं वेगवेगळी वाढली. वरून बघाल तर तिन्हीकडचा किडा अगदी सारखा. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी फरक कळत नाही. बदललं ते आतलं रक्त.

मधलीच्या पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी, म्हणून तिथल्या किड्याचं रक्त सगळ्यांत पक्कं. ते प्राणवायू धरून ठेवतं, लागेल तसा सोडतं, आणि गोठत नाही. त्यातल्या प्रथिनापासून शास्त्रज्ञांनी एक द्रव तयार केला. त्याचं नाव मोठं भारदस्त आहे, पण लोक त्याला लाल पाणी म्हणतात. शरीराबाहेर काढलेलं फुफ्फुस पूर्वी जेमतेम काही तास टिकायचं. लाल पाण्याच्या पेटीत ते पाच दिवस राहतं, आणि मूत्रपिंड तर आठ. त्यामुळे आसाममधल्या माणसाचा अवयव रत्नागिरीतल्या माणसाला लागू लागला. हे प्रथिन कारखान्यात बनवायचे खूप प्रयत्न झाले. त्याचे तुकडे बनत, पण ते जसे जुळायला हवेत तसे जुळत नसत. किड्याला पर्याय नव्हता.

खोल समुद्रातल्या जिवांवर लक्ष ठेवणारी एक परिषद आहे. तिचा नियम साधा: एखादा जीव जगात एकाच जागी असेल तर त्याला हात लावायचा नाही; भरपूर असेल तर फार तर शेकड्याला दोन काढायचे. दोन जागी असेल तर एक जागा बेणं म्हणून कुलूपबंद ठेवायची आणि दुसरीवरचं काढायचं. मधलीच्या जातीचा किडा धाकटीवरही आहे, असं ज्या अहवालाने सिद्ध झालं त्यावर विनयाची सही होती. धाकटीला कुलूप लागलं आणि मधली खुली झाली.

आता त्या बाटलीकडे येऊ.

नऊ वर्षांपूर्वी विनया मोहिमेवर गेली तेव्हा बोटीवर कोरियाचे लोक होते, पोर्तुगालचे होते. प्रत्येक टेकडीवरचे पंधरा किडे गोळा करायचे आणि प्रत्येकाने पाच-पाच न्यायचे असं ठरलं होतं. थोरलीचे मिळाले, मधलीचे तर चाळीस निघाले. शेवटच्या दिवशी धाकटीचे शिंपले वर आले, उघडले, तर त्यात किडे दहाच. हवा बिघडत चालली होती. यंत्र पुन्हा खाली सोडायला कप्तान तयार नव्हता.

विनया मिरकरवाड्यातल्या नाखव्याची मुलगी. वडिलांची बोट धक्क्याला लागली की आधी मासळीचे वाटे पडत. एखादा वाटा कमी पडला तर शेजारच्या ढिगातली ओंजळभर घालून तो पुरा करायचा. सगळे वाटे सारखे झाल्याशिवाय नाखव्याने हात धुवायचे नाहीत. आणि कोणी बाहेरगावचा असेल तर त्याला आधी, आणि निवडक. बारा वर्षांची असल्यापासून विनया ते वाटे घालत आली होती. त्या दिवशी तिच्या हातांनी तेच केलं. कोरियाला धाकटीचे पाच दिले, पोर्तुगालला धाकटीचे पाच दिले, आणि रत्नागिरीच्या बाटलीत मधलीच्या ताटातले पाच टाकले. दिसायला सारखेच होते, आणि जात एकच आहे असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. पाहुणे नाराज व्हायला नकोत, आपलं काय, घरचंच आहे. वहीत लिहून ठेवू, असं ती मनात म्हणाली. तेवढ्यात बोट हेलकावे खायला लागली, माणसं ओकायला लागली, सामान बांधायची एकच धांदल उडाली, आणि लिहायचं राहिलं.

इथवरचं पाप देवसुद्धा माफ करील. खरं पाप पुढचं आहे.

पाच महिन्यांनी तपासणीचे निकाल आले. पाहुण्यांच्या दहा किड्यांत मधलीचं रक्त एकातही नव्हतं. रत्नागिरीच्या पाचही किड्यांत होतं. विनयाला एका मिनिटात सगळं कळलं. ती वही घेऊन उठलीसुद्धा, आणि दारातच तिला केंद्राचे संचालक नाखरे सर भेटले, हातात पेढ्यांचा पुडा. "विनया, धाकटीच्या एका कोपऱ्यात ही जात सापडली! तुझ्या बाटलीने काम केलं, पोरी!" मागे दहा-बारा माणसं टाळ्या वाजवत होती. तिने पेढा घेतला. उद्या सांगू, म्हणाली. उद्याचा परवा झाला. मग शोधनिबंध आला, सत्कार झाले, परवाना निघाला, आणि कुलूपबंद धाकटीवर जाऊन खरंखोटं करायची सोयही कोणाला उरली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नंतर सहा महिन्यांनी तिच्या धाकट्या बहिणीच्या, सुषमाच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली. दिगंबर सुर्वे बर्फाच्या कारखान्यात काम करणारा, अंगापिंडाने दणकट माणूस, वर्षभरात वाळून काडी झाला. मग एक दिवस लाल पाण्याच्या पेटीतून आसामहून मूत्रपिंड आलं आणि तो उठून बसला. तेव्हापासून विनयाला आरशात बघायला एक निमित्त मिळालं. मी बोलले असते तर भावोजी गेले असते, ती स्वतःला सांगायची. इतकी वर्षं सांगितल्यावर ते तिला खरंही वाटू लागलं होतं.

त्या संध्याकाळी ती सुषमाकडे गेली. तिथे जायला आता तिला धीर करावा लागायचा, कारण ओवी.

ओवी सुषमाची एकुलती मुलगी, सतरा वर्षांची. गेल्या दोन वर्षांत तिची फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली होती. नाकाला प्राणवायूची नळी लावून ती खिडकीशी बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नक्कल करायची. नक्कल करताना धाप लागली की थांबायची, आणि मग उरलेली पुरी करायची.

"मावशी, तू आज अशी आलीस," म्हणून ओवीने खांदे पाडले आणि मान खाली घातली. "कोणी मेलं काय?"

"जिभेला काही हाड?" सुषमा आतून ओरडली. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि विनयाजवळ बसली. "ताई, परवान्याचं काय झालं गो? हॉस्पिटलवाले म्हणतात, लाल पाणी संपत आलंय. नवीन काढलं नाही तर चार महिन्यांत पेट्या बंद. पोर आमची चणीनं लहान. तिला बसतील अशी फुफ्फुसं वर्षातून एखाद्वेळी मिळणार, ती पण कुठे काश्मिरात नाहीतर केरळात. पेटी नसली तर कशी यायची?"

"अहवाल जायचाय अजून."

"मग घाल की. तुझीच सही ना?"

सही तिचीच होती. मधलीवर आता किडा असलेले जेमतेम तीनशे शिंपले उरले होते. कंपनीला ते सगळे काढायचे होते. त्यातून दोन वर्षांचं लाल पाणी निघालं असतं. मग धाकटीचं कुलूप उघडायचं, तिथलं बेणं मधलीवर सोडायचं, आणि पुन्हा पीक घ्यायचं, असा बेत होता. दोन वर्षांत ओवीला फुफ्फुसं मिळालीच असती असं डॉक्टर म्हणत होते. फक्त धाकटीवर बेणं नव्हतं, आणि ते एकट्या विनयाला माहीत होतं. त्या तीनशे शिंपल्यांबरोबर ती जात जगातून संपणार होती. दोन वर्षांनंतर पेटी कोणालाच मिळणार नव्हती, कधीच.

"घालते," ती म्हणाली. सुषमाने तिच्या हातावर थोपटलं, तेव्हा तिला हात ओढून घ्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी तन्वीर दारात उभा राहिला तो आत येईना. आज हसतही नव्हता.

"तीनदा चालवलं मॅडम. तेच येतंय."

"ये. दार लाव."

"मी आणखी एक बघितलं," तो खुर्चीच्या टोकावर बसला. "कोरिया, पोर्तुगालच्या धाकटीच्या दहांत एकसुद्धा मधलीचा नाही. म्हणजे हे पाच धाकटीचे नसतीलच तर... धाकटीवर काही नाहीच. मग ते तीनशे शेवटचे." तो थांबला. "तुम्ही सांगा, माझं कुठे चुकतंय."

तिने 'वगळ' म्हटलं असतं तर त्याने ते पाच वगळले असते. त्याला पटलं नसतं, पण त्याने वगळले असते, आणि मग त्याच्याही गळ्याला ही खवखव आयुष्यभर लागली असती. खरं सांगायचं तर जातीच्या भविष्याचा विचार तिच्या मनात नंतर आला. आधी आला तो या पोराचा.

"तुझं चुकत नाही," विनया म्हणाली. "ते पाच मी घातले." आणि तिने वाट्यापासून पेढ्यापर्यंत सगळं सांगितलं.

"त्या अक्षरावर मी कुराण हातात घेऊन शपथ घेतली असती," एवढंच तन्वीर म्हणाला. मग वैज्ञानिकाची खोड म्हणून की राग म्हणून, त्याने कागद ओढला आणि हिशेब मांडला. "एकाच टेकडीवर आहे हे कळलं असतं, तर परिषदेने फार तर शेकड्याला दोन काढू दिले असते. पेट्या थोड्या मिळाल्या असत्या. पण दरवर्षी मिळाल्या असत्या. या वर्षीसुद्धा." ओवी त्याला माहीत होती. केंद्राच्या स्नेहसंमेलनात तिने त्याचीही नक्कल केली होती. त्याने कागद उलटा करून ठेवला.

परिषदेची बैठक पडद्यावर झाली, पुढच्याच सोमवारी. विनयाने लिहून नेलेलं वाचलं. वाचताना तिने एकही वाक्य गाळलं नाही. पलीकडे बारा चेहरे. त्यांतल्या कोरियाच्या बाईंनी, ज्या त्या बोटीवर होत्या आणि ज्यांना निवडक पाच मिळाले होते, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्या तो पुसत बसल्या. अर्ध्या तासात निर्णय झाला. मधली बंद, आजपासून, पुढची चाळीस वर्षं तरी. उरलेल्या पेट्या देशभरात ज्यांना अवयव आधी मिळेल त्यांना.

बातमी फुटायच्या आत आपल्या तोंडून कळावं म्हणून विनया तशीच सुषमाकडे गेली. ओवी झोपली होती. स्वयंपाकघरात उभ्यानेच तिने सांगितलं.

सुषमा आधी समजलीच नाही. मग समजली. "म्हणजे तू परवाना बंद केलास? माझ्या पोरीचा?"

"धाकटीवर काही नाही गो. दोन वर्षांनी सगळंच संपलं असतं."

"दोन वर्षांनी! मला दोनच वर्षं हवी होती! जगाला चाळीस वर्षांनी पेटी मिळू दे नाहीतर न मिळू दे, मला काय त्याचं?" तिने हातातली पळी भिंतीवर फेकली. "आणि नऊ वर्षांपूर्वी कळलं होतं ना तुला? तेव्हा बोलली असतीस तर पाणी उरलं असतं. उरलं असतं की नाही, सांग!"

"उरलं असतं."

"मग का नाही बोललीस?"

विनयाने खाली पडलेली पळी उचलून ओट्यावर ठेवली. सुषमा तिच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा राग ढिला पडला. "यांच्यासाठी," ती हळू म्हणाली. "यांची किडनी व्हायची होती म्हणून. माझं कुंकू राहावं म्हणून गप्प बसलीस. होय ना ताई?"

बुडत्याला काडीचा आधार. विनयाने मान हलवली. होय म्हणून.

सुषमा खाली बसली आणि रडायला लागली. तिने बहिणीला जवळ घेतलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. नंतर रोज फोनवर ती दोन वाक्यं बोलायची, ओवीचं जेवण, ओवीचा ताप. तेवढं तरी उरलं, म्हणून विनया रोज त्या फोनची वाट बघायची आणि फोन ठेवला की तिला स्वतःची किळस यायची.

दहा-बारा दिवसांनी, रविवारी सकाळी दिगंबर आला. स्कूटर फाटकाशी लावून तो पडवीत उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. मूत्रपिंड बदलल्यापासून त्याचं शरीर पुन्हा भरलं होतं, पण आज त्याचा सदरा अंगावर लोंबत होता.

"ताई, एक विचारायचं होतं. खरं सांगाल?"

"बसा तरी भावोजी."

तो बसला. "सुषमा बोलली मला. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात म्हणून." त्याने गुडघ्यावर हात घासले. "मला सात वर्षं मिळाली. बोनसची म्हणायचो मी. बर्फाच्या लाद्या उचलल्या, पालखी नाचवली, पोरीला पोहायला शिकवलं. आता कळतंय, ती वर्षं माझी नव्हती. ती पोरीच्या वाटची होती, मी आधीच खाऊन बसलो. जेवायला बसलो की आतून तिचा श्वास ऐकू येतो आणि घास गिळवत नाही. सुषमा पण माझ्याकडे बघत नाही हल्ली. बोलते, वाढते, पण बघत नाही." त्याने वर बघितलं. "तुम्हाला दोष देत नाही ताई. माझा जीव वाचवलात. फक्त खरं काय ते सांगा."

होय म्हणायला एकच शब्द लागत होता. तो शब्द ती इतकी वर्षं घोटत आली होती. म्हटला असता, तर ती बहिणीच्या घरची कशीबशी माणूस राहिली असती. चुकली, पण मायेपोटी चुकली, असं दोघं म्हणाली असती. आणि हा समोरचा माणूस प्रत्येक घासाला आपल्या पोरीचा अपराधी झाला असता.

"नाही," विनया म्हणाली.

"काय नाही?"

"तुमच्यासाठी नाही. मला कळलं तेव्हा तुम्ही ठणठणीत होतात. त्या शिमग्याला तुम्ही पालखी नाचवली होतीत, मी बघायला आले होते. तेव्हा मला कळून दोन महिने झाले होते. तुमचं दुखणं त्यानंतर आलं." आता थांबायचं नव्हतं. "मी माझ्या नावासाठी गप्प बसले. सर पेढे घेऊन दारात उभे होते आणि मला लाज वाटली. बस, एवढंच. पुढे तुम्ही आजारी पडलात आणि मी ते पांघरून घेतलं. तुम्ही कोणाचं काही खाल्लं नाहीत, भावोजी. पेटी आली, डॉक्टरांनी लावली. तुमचा यात काही संबंध नाही. सगळं माझं आहे."

दिगंबरचे खांदे गदगदायला लागले. एवढा मोठा माणूस तोंडावर पालथा हात धरून रडला. विनया समोर बसून राहिली. सांत्वन करायचा हक्क तिला नव्हता.

सावरल्यावर त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि तो उठला. पायरीपर्यंत जाऊन थांबला. त्याचा स्वभाव मुळात मऊ. "ताई, हे सुषमाला नको सांगायला. त्या एका गोष्टीवर ती तुमच्याशी बोलतेय. तिला तसंच वाटू दे. मला कळलं, पुरे झालं."

विनयाने चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. "चला, मी येते तुमच्याबरोबर."

दोघं स्कूटरवरून निघाली. मिरकरवाड्याच्या उतारावर सुक्या मासळीचा वास आला, आणि घर जवळ आलं तसा प्राणवायूच्या यंत्राचा घरघर आवाज ऐकू आला. सुषमा ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. नवऱ्याच्या मागे बहिणीला बघून तिने सूप खाली ठेवलं.

विनया पायरीवरच उभी राहिली आणि तिने सांगितलं. शिमगा, पालखी, पेढे, लाज. "तू विचारलंस तेव्हा मी मान हलवली. ती खोटी हलवली."

सुषमाने सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही, काही फेकलं नाही. तिने हळूच मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या रडून सुजलेल्या डोळ्यांकडे, लोंबत्या सदऱ्याकडे, आणि बघतच राहिली.

"मला यांच्याकडे बघवत नव्हतं," ती म्हणाली, विनयाला की स्वतःलाच, कोण जाणे. "बघितलं की मनात यायचं, यांच्यापायी माझी पोर जातेय. कोणाला सांगू हे? नवऱ्याविषयी असं मनात येतं म्हणून मीच देवासमोर नाक घासत होते." मग ती विनयाकडे वळली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "बरं झालं सांगितलंस. आता तू जा, ताई. परत येऊ नको."

दिगंबर काही बोलायला गेला, सुषमाने त्याचा हात धरला. कित्येक दिवसांनी धरला असावा, कारण तो गप्पच झाला.

विनया वळली. खिडकीतून ओवीचा आवाज आला, प्रत्येक दोन शब्दांमागे एक श्वास घेत, "मावशी आलीय ना? जेवायला... थांबणार आहे ना?"

विनयाच म्हणाली, "नाही गो बाय," आणि उतार चढायला लागली.